चादरीचं दुसरं टोक

चौकशीबाई आमच्या गल्लीत आली ती आधी बेकरीवाल्यांकडे. एकदा नाही, तीनदा गेली. गळ्यात ओळखपत्र, पायात सपाट बूट आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू आपण तिच्या बारशाला हजर होतो. कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि घराघरांतली विषमता शोधायला निघालीय, असं बेकरीवालीनं मला मुद्दाम दुकानात येऊन ऐकवलं. विषमता हा शब्द तिनं असा उच्चारला, जसा काही तो त्यांच्याच भट्टीत भाजून निघतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बेकरीवाल्यांची चूल वेगळी झाली. मधला मुलगा बायकोला घेऊन पुलापलीकडे राहायला गेला आणि जाताना पाव मळायचं यंत्रही घेऊन गेला. लोक म्हणाले, हे व्हायचंच होतं. मी म्हटलं, व्हायचंच होतं तर इतकी वर्षं का नाही झालं? परकी बाई येते, दार लावून एकेकाला विचारते, आणि घर फुटतं. यात पाणी मुरतंय हे कळायला कॉलेज कशाला लागतं?

मला काळजी होती ती आमच्या घराची. आमची लाँड्री आहे. खाली दुकान, त्यामागे धुलाई आणि बॉयलर, त्याला लागून इस्त्रीघर, आणि वर आम्ही राहतो. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या, कॉलेजच्या वसतिगृहाच्या चादरी आमच्याकडे येतात. थोरला मुलगा मशीन बघतो, धाकटा गाडीतून गठ्ठे पोचवतो. थोरली सून काउंटरवर बसते, धाकटी इस्त्री करते. चादरींच्या घड्या मी आणि माझी नणंद घालायचो. नणंदेला सगळं घर आत्या म्हणतं, म्हणून मीही आत्याच म्हणते. तिचं लग्न झालं नाही. मी या घरात आले तेव्हा ती बॉयलरपाशी उभी होती, चौकशीबाई आली तेव्हाही तिथंच.

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची. एकीचं लक्ष उडालं की कडा जुळत नाहीत आणि हॉटेलवाला गठ्ठा परत पाठवतो. आमचं सगळं कामच असं. एक हात गेला तर दुसरा लटकतो. आमच्या घरात चूल वेगळी झाली तर दुकानाला कुलूप, इतकं साधं गणित आहे.

एवढं कळत असताना चौकशीबाईला मी घरात का घेतली, असं तुम्ही विचाराल. बेकरीवालीकडे ती तीनदा जाते आणि आमच्या दारावरून नुसती हसून पुढे जाते, हे मला सहन झालं नाही. आमच्या घरात काय बघण्यासारखं नाही की काय? एक दिवस मीच तिला हाक मारली.

"काय गं, आमची विषमता नको का तुला?"

"चालेल की काकू," ती म्हणाली. मावशी म्हणाली असती तर तिथूनच परत पाठवली असती.

ती येणार त्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना समोर बसवून पढवलं. काहीही विचारलं तरी एकच सांगायचं, आमच्यात डावं-उजवं नाही, सगळं सगळ्यांचं. थोरला म्हणाला, "आणि तिनं मशीनबद्दल विचारलं तर?" मी म्हटलं, "मशीनमध्येही डावं-उजवं नाही म्हणून सांग." धाकटी खाली मान घालून हसली, ते मी बघून ठेवलं. आत्याला काही पढवलं नाही. ती घरचीच, आणि दिवसभरात चार शब्द बोलते, त्यातले दोन बॉयलरशी.

चौकशीबाईनं वरच्या मधल्या खोलीत ठाण मांडलं आणि दार लावून घेतलं. पहिली मी गेले. तिनं कागदावर शिडी काढलेली होती. सगळ्यात वर ज्यांना सगळं मिळतं ते, सगळ्यात खाली ज्यांना काही नाही ते. तुम्ही कुठल्या पायरीवर, म्हणाली.

"मी खाली उभी राहून शिडी धरलीय," मी म्हटलं. "मी सोडली तर वरचे सगळे आपटतील."

तिनं ते लिहून घेतलं. मग विचारलं, घरात कोण कुठं झोपतं.

"वर तीन खोल्या. एक माझी, एक थोरल्याची, एक धाकट्याची."

"आणि आत्या?"

"ती खाली इस्त्रीघरात. तिला ऊब लागते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. नजर तिनंच आधी खाली घेतली.

मग एकेकजण जाऊन आला. मी जिन्यात उभी होते, पण दार जाड, आवाज कुजबुजीपलीकडे येत नव्हता. प्रत्येकजण बाहेर आला की मी विचारायची, काय सांगितलंस. आमच्यात डावं-उजवं नाही, असं प्रत्येकानं मलाच ऐकवलं, पोपटासारखं. शेवटी आत्या कपबश्या आणायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी खालून हाक मारली तेव्हा ट्रे घेऊन उतरली. चहाचा एक कप तसाच भरलेला होता. चौकशीबाईला आमचा चहा आवडला नाही असं मी समजले आणि मनात तिच्या नावावर आणखी एक रेघ ओढली.

पुढे बरेच दिवस काही झालं नाही. मग तिचं बोलावणं आलं. कॉलेजच्या सभागृहात तिच्या अभ्यासावर चर्चा होती आणि ज्यांच्या घरी ती गेली त्यांना खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. मी थोरलीला बरोबर घेतलं. बेकरीवाली आली नव्हती. कशी येणार?

व्यासपीठावर चौकशीबाई होती आणि तिच्याशी वाद घालायला एक टकले प्राध्यापक. प्राध्यापक म्हणाले, विषमता बघायची तर घरं मोजा. हे घर श्रीमंत, ते घर गरीब, हे वरच्या वस्तीत, ते खालच्या. घराच्या आत जे येतं ते सगळे मिळून खातात, तिथं कशाला डोकावायचं? मला माणूस एकदम पटला. मी थोरलीला कोपरानं ढोसलं, "ऐक."

चौकशीबाई म्हणाली, "मिळून खातात हे कोणी सांगितलं, सर?"

"घरच्यांनीच सांगितलं," प्राध्यापक म्हणाले. "तुमच्याच कागदांत आहे."

"घरातल्या एकानं सांगितलं. जो दार उघडतो त्यानं. आपण दार उघडणाऱ्याला विचारून परत येतो आणि म्हणतो, घराला विचारलं."

मागच्या बाकांवरची पोरं हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दार घरातल्या मोठ्या माणसानं नाही उघडायचं तर कोणी उघडायचं?

मग तिनं पडद्यावर एकेकाचे शब्द दाखवायला सुरुवात केली. नावं नव्हती. एक गवंडी, एक नर्स, एक पेन्शनर. आणि मग ती म्हणाली, "ही एका लाँड्रीत राबणारी बाई," आणि मोठ्यानं वाचलं.

"मला या घरात कोणी वाईट बोललं नाही. काम दिलं, जेवायला दिलं. पण मी काही मागितलं तर काय होईल, हे बघायची हिंमत कधी झाली नाही. आता मी दुसरीकडे ठरवलंय. दिवस पक्का झाला की घरी सांगेन."

सभागृहात लोकांनी जिभेनं च्‌ च्‌ केलं. माझ्या पायाखालची फरशी सरकली. शहरात लाँड्र्या काय कमी आहेत, पण ही बाई आमच्याच लाँड्रीत दार लावून बसली होती. आमच्या घरातलं कोणीतरी जायला निघालं होतं, आणि ते मला सोडून या भरल्या सभागृहाला ठाऊक होतं.

मी उभी राहिले.

"ही बाई कोण, ते सांग."

"काकू, ते सांगता येत नाही. मी शब्द दिलाय."

"माझ्या घरात बसून, माझा चहा समोर ठेवून, माझ्याविरुद्ध शब्द दिलास?"

"तुमच्या घरातली आहे असं मी म्हटलेलं नाही."

"नाही असंही म्हटलेलं नाहीस."

प्राध्यापकांना हुरूप आला. "बघा," ते म्हणाले, "एका वाक्यावरून समाज कळत नाही. या बाई काही वैयक्तिक कारणानं जात असतील." मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, तुमच्या चादरी कोण धुतं मला माहीत आहे." मग खाली बसले.

परत येताना थोरली माझ्या पुढे पुढे चालत होती. वळणावर आल्यावर म्हणाली, "आई, मी नाही हं."

मी काही विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जोडी बदलली. आत्याला इस्त्रीवर पाठवलं आणि चादरीचं दुसरं टोक थोरलीच्या हातात दिलं. हे करताना दोन्ही हात गुंतलेले असतात, तोंड समोर असतं आणि पाठ फिरवायची सोय नसते. माणूस बोलता करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आत्यानं का म्हणून विचारलं नाही. ती कधीच विचारत नाही.

"तुला इथं काय कमी आहे?" मी थोरलीला म्हटलं आणि चादर झटकली.

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणणारीच जायला निघते."

"मग काय म्हणू? कमी आहे म्हणू?"

"तेच म्हटलंयस की तिकडे पडद्यावर."

तिनं आपली टोकं माझ्या हातात देता देता आवाज खाली घेतला. "आई, मी चुगली करत नाही, पण धाकटी रोज दुपारी बाहेर जाते. बंद बूट घालून. आल्यावर घामाघूम असते. कुठं जाते ते तिला विचारा."

बंद बूट मीही बघितले होते. दुसऱ्या दिवशी धाकटी चादरीसमोर उभी होती. तिला घडी येत नाही, ती चादरीशी झोंबी खेळते.

"दुपारी कुठं असतेस?"

"कामाला."

"कोणाच्या?"

"आपल्याच." तिनं इकडेतिकडे बघितलं. "गाडी शिकतेय."

"कुठली गाडी?"

"डिलिव्हरीची. तुमचा मुलगा दोनदा खांबावर गेलाय. तुम्हाला सांगितलं कुत्रं आडवं आलं. खांब कुत्र्यासारखा दिसतो का, आई? त्याला लांबचं नीट दिसत नाही आणि चष्मा घालायची लाज वाटते."

माझ्या हातून एक टोक सुटलं.

"हे तू कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हणजे तू जाणार नाहीस?"

"जायचं असतं तर गाडी कशाला शिकले असते? जायला बस आहे की."

पोरगी आगाऊ आहे, पण खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, आणि ते तसे झाले नव्हते. म्हणजे उरली थोरली. न विचारता नाही म्हणणारी, वरून दुसरीकडे बोट दाखवणारी. आता मला सगळं उलगडल्यासारखं झालं. तिच्या भावाचं कपड्यांचं दुकान आहे, तिथं काउंटर आहेच. मी दुसऱ्याच दिवशी तिला काउंटरवरून उठवलं, धुलाईला लावलं आणि स्वतः जाऊन काउंटरवर बसले. जी जाणार, तिच्या हातात गिऱ्हाईक कशाला ठेवायचं? थोरल्यानं जेवताना माझ्याकडे बघितलं नाही. घर फुटायला लागलं की असंच होतं, मी मनात म्हटलं, आणि सगळा राग चौकशीबाईच्या सपाट बुटांवर काढला.

काउंटरवर बसले, म्हणूनच वसतिगृहाच्या वॉर्डनबाई मला भेटल्या. एरवी त्यांच्याशी थोरलीच बोलते. गठ्ठा ठेवला, पावती घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "खोलीला रंग दिलाय म्हणून सांगा. आणि आतून कडी हवी म्हणाल्या होत्या, तीही बसवून घेतली."

"कोणाला सांगू?"

"तुमच्या नणंदबाईंना. एक तारखेला येतायत ना आमच्या धुलाईघरात. बरं झालं बाई तुम्ही सोडताय, इतकी जुनी मुरलेली बाई आम्हाला कुठून मिळाली असती?"

"हो," मी म्हटलं. "सांगते."

त्या गेल्यावर मी पावत्यांची चळत उगाच सरळ केली, पुन्हा वाकडी केली, पुन्हा सरळ केली. दोन्ही सुनांना उभं-आडवं तपासलं होतं मी. मुलांवरसुद्धा नजर ठेवली होती. आत्याकडे बघायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. स्वतःच्या हाताची बोटं कोणी मोजून बघतं का?

मी इस्त्रीघरात गेले. धाकटीला म्हटलं, "इस्त्री घे तू. आत्या, चल."

आत्या आली आणि समोर उभी राहिली. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरी होत्या. आम्ही टोकं धरली आणि झटका दिला. मधल्या दिवसांत कोणाबरोबरच इतका सरळ झटका बसला नव्हता.

"खोलीला रंग दिलाय," मी म्हटलं.

ती चालत माझ्यापर्यंत आली, टोकं दिली आणि खालची घडी उचलून मागे गेली.

"कुठला?"

"ते नाही विचारलं मी. तुला कोणी पढवलं, चौकशीबाईनं?"

"नाही. कपबश्या घ्यायला गेले तर म्हणाली, तुमचं राहिलं. म्हटलं, माझं काय असणार? म्हणाली, बसा."

"आणि असं काय विचारलं तिनं?"

"या घरात तुमच्या एकटीची अशी काय वस्तू आहे, असं विचारलं." आत्यानं कड जुळवली. "मी आठवून बघितलं. खूप वेळ बघितलं. तिचा चहा गार झाला."

"मग?"

"मग म्हटलं, आठवलं की सांगते."

"सांगितलंस?"

"तिनं परत विचारलंच नाही. ती पुढच्या पानावर गेली."

मला हसू आलं आणि ते मला आवडलं नाही. "आत्या, मी तुला काय कमी केलं?"

"काही नाही."

"ताटात कधी भेद केला?"

"नाही केला."

"मग लोकांसमोर पडद्यावर कशाला टांगलंस मला?"

"वहिनी, टोक धरा. सुटतंय."

मी टोक धरलं. पुढच्या चादरीला मी म्हटलं, "माझी खोली घे."

"आणि तुम्ही?"

"मी खाली येईन इथं."

"पहाटे बॉयलर धडधडतो. तुम्हाला झोप लागायची नाही."

"तुला लागते ती?"

"मला कुठं लागते?" ती म्हणाली, जसं काही हवापाण्याविषयी बोलत होती.

इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी किती चादरींच्या घड्या घातल्या असतील देव जाणे, आणि ही ऊब लागते म्हणून खाली झोपते असं मी सगळ्यांना सांगत आले. ते मला कोणी सांगितलं होतं, हे मी आठवायला लागले आणि मग आठवायचं थांबवलं. गठ्ठा संपवायचा होता.

"मी थांब म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर थांबेन," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला आधी सांगितलं नाही."

मी थांब म्हटलं नाही. म्हणणार होते, तोंडाशी आलं होतं. पण माझ्या मनात वेगळंच शिरलं. या वयाच्या बाईला कोण खोली देतं, रंग देऊन, वर कडी बसवून? वॉर्डनबाई इतक्या गोड बोलतात ते कशासाठी? आमची आत्या भोळी. कोणी बसा म्हटलं की बसते. तिथं नेऊन तिला मरेपर्यंत राबवतील आणि आजारी पडली की फाटकाबाहेर ठेवतील. स्वतः जाऊन सगळं नीट बघितल्याशिवाय मी तिला तिथं सोडणार नव्हते.

थोरलीला काउंटरवर परत बसवली. का उठवली होती ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एक तारखेला आत्याची पेटी गाडीत ठेवली. धाकटी गाडी चालवायला बसली, तिचा नवरा शेजारी चष्मा लावून गुपचूप बसला. मागे गठ्ठ्यांवर मी आणि आत्या.

वसतिगृहाची खोली लहान होती. मी भिंतीला हात लावून बघितला, ओल नव्हती. नळ सोडला, पाणी आलं. गादी उचलून खालची फळी बघितली, शिवणींतून बोट फिरवलं, ढेकूण नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं, पण इतकं सगळं नीट असलं की मला जास्तच शंका येते. वॉर्डनबाई दारात उभ्या होत्या.

"आजारी पडली तर?"

"डॉक्टर आहेत आमचे."

"म्हातारी झाल्यावर?"

"तेव्हाचं लिहून दिलंय त्यांना. त्यांनीच मागून घेतलं."

मी आत्याकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. आमच्याकडे तिनं साधं जास्तीचं पांघरूणही कधी मागितलं नव्हतं.

"आणि चादरी?" मी म्हटलं. "समोरचं टोक कोण धरणार हिचं?"

"घडी घालायचं मशीन आहे, बाई."

"मशीनला कडा कळतात का?"

"कळतात, वहिनी," आत्या म्हणाली. "मी येऊन बघितलंय. छान करतं."

वॉर्डनबाई गेल्या. मी खिडकीचा बोल्ट खालीवर केला. मग दाराची कडी बघितली. नवी होती, चकचकीत. नव्या कड्या दिसायला बऱ्या असतात, पण पहिल्या धक्क्याला निघतात.

"लावून बघ," मी म्हटलं. "मी बाहेरून ढकलते."

मी बाहेर जाऊन उभी राहिले. आत्यानं दार ओढून घेतलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला. मी खांद्यानं ढकललं. दार हललं नाही. पुन्हा जोर लावून ढकललं, तरी नाही.

"लागते का गं?" मी विचारलं.

"लागते," आतून आवाज आला.

मग तिची पावलं दारापासून लांब गेली आणि पलंग करकरला. मी दाराबाहेर उभी राहिले. फाटकापाशी धाकटी गाडीचा हॉर्न वाजवत होती.